दोरीचे दुसरे टोक

यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या परिसरात मे महिन्यातील दुपार ही घराबाहेर पडण्याची वेळ नव्हे. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, खाणींकडून येणारे कोळशाचे ट्रक रस्त्यावर काळी धूळ मागे टाकीत जातात आणि घरात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरून राहिलेला असतो. अशाच एका दुपारी दक्षिण ध्रुवाच्या जुन्या मोहिमांतील छायाचित्रांचे एक जाड पुस्तक चाळत असता एका पानाशी माझा हात थांबला, आणि पुढे कित्येक दिवस ते पान डोळ्यांपुढून हलेना. त्या एका चित्राविषयी, आणि त्या निमित्ताने ध्रुवीय छायाचित्रणाच्या पहिल्या पर्वाविषयी, काही लिहावे असे मनात आले. इतक्या दूरच्या विषयाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वणीच्या जमिनीखालूनच निघतो. परंतु त्याकडे क्रमाने येऊ.

चित्र असे आहे. पाच पुरुष. तीन मागे उभे, दोघे पुढे बर्फावर बसलेले. मागे ब्रिटिश निशाण. पायांखाली आणि पाठीमागे पांढऱ्या सपाटीवाचून काही नाही. चेहरे थंडीने काळवंडलेले, आणि ज्या जागेसाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले त्या जागी उभे असूनही एकाच्याही मुद्रेवर आनंद नाही. दिवस १८ जानेवारी १९१२, स्थळ दक्षिण ध्रुव. मध्ये उभा आहे तो कॅप्टन रॉबर्ट स्कॉट. त्याच्याबरोबर डॉ. एडवर्ड विल्सन, कॅप्टन लॉरेन्स ओट्स आणि नाविक एडगर इव्हान्स. पुढे बसलेल्यांपैकी एक, बुटका आणि मोठ्या नाकाचा, लेफ्टनंट हेन्री बॉवर्स. त्या नाकावरूनच सोबती त्याला ‘बर्डी’ म्हणत. त्याच्या हातात एक दोरी आहे. दोरीचे दुसरे टोक कॅमेऱ्याला बांधलेले आहे. त्याने दोरी ओढली आणि हे चित्र झाले.

सुमारे दहा आठवड्यांत या पाचांपैकी एकही जिवंत उरला नाही.

नुसत्या कलादृष्टीने पाहिले तर या चित्रात वाखाणण्यासारखे फार थोडे आहे. रचना शाळेतील वर्गाच्या फोटोसारखी, प्रकाश सपाट, पार्श्वभूमी रिकामी. तरीही ते विसरता येत नाही. ‘त्यांचा पुढे अंत झाला म्हणून’ हे उत्तर सोपे आहे. परंतु ज्यांचा अंत झाला अशा असंख्य माणसांची छायाचित्रे आपण रोज पाहतो आणि विसरतो. तेव्हा खरे उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे. त्यासाठी प्रथम त्याच मोहिमेतील दुसऱ्या एका छायाचित्रकाराकडे वळावे लागेल. तो होता खरा कसबी कलावंत.

हर्बर्ट पाँटिंग याचा जन्म १८७० सालचा. जपान, चीन, भारत अशी भ्रमंती करून त्याने छायाचित्रकार म्हणून नाव कमावले होते. स्कॉटने त्याला १९१० मध्ये आपल्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेत घेतले. दक्षिणेच्या हिममोहिमांबरोबर त्यापूर्वीही कॅमेरे गेले होते, पण ते हौशी हातांत होते. पोटापाण्याचा धंदाच छायाचित्रणाचा आहे असा माणूस पाँटिंगच्या रूपाने प्रथम तेथे पोहोचला. जानेवारी १९११ ते मार्च १९१२ एवढ्या काळात त्याने काचेच्या शेकडो निगेटिव्ह तयार केल्या. आज त्यांचा मोठा संग्रह केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आहे. संस्थेने तो २००४ मध्ये मिळवला.

हे काम किती कठीण होते याची कल्पना आपल्या हवामानात करणे सोपे नाही. काचेची प्लेट बाहेरच्या थंडीतून एकदम उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरे आणि ती वाया जाई. म्हणून कॅमेरे आणि प्लेटा टप्प्याटप्प्याने आत आणाव्या लागत. भिंगावर श्वास पडला तर त्याचा बर्फ होई. उघडी बोटे धातूला चिकटत. एकदा तर पाँटिंगची जीभच कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली आणि तिची साल निघाली. एकदा तो बर्फाच्या तुकड्यावर उभा असता खालून आठ शिकारी देवमाशांनी तो बर्फ फोडला आणि तो कसाबसा उड्या मारीत काठाला आला. हे सारे त्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात सविस्तर सांगितले आहे.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र ५ जानेवारी १९११ चे. हिमनगाच्या पोटातील एक गुहा. तिच्या कमानदार तोंडाशी दोन माणसे, टेलर आणि राइट, आणि कमानीतून दूरवर दिसणारे ‘टेरा नोव्हा’ जहाज. बर्फाच्या कडा एखाद्या प्राचीन मंदिराच्या महिरपीसारख्या भासतात. प्रकाश कोठून आत यावा, जहाज कमानीत नेमके कोठे बसावे, माणसांनी कोठे उभे राहावे हे सारे त्याने तोलून मापून ठरवलेले आहे. चित्र निर्विवाद सुंदर आहे. पण त्यातील माणसांकडे जरा लक्ष द्या. ती केवळ मापासाठी आहेत. गुहा किती मोठी आहे हे कळावे म्हणून त्यांना तेथे उभे केले आहे. टेलरऐवजी दुसरा कोणी असता तरी चित्राचे काही बिघडले नसते.

पाँटिंगचे सोबतीही हे जाणून होते. त्यांनी त्याच्या नावाचे क्रियापदच बनवले होते. ‘पाँट होणे’ म्हणजे गारठून जाईपर्यंत कोठल्यातरी अवघड जागी चित्रासाठी ताटकळत उभे राहणे. या थट्टेत कौतुक आहे, आणि एक अचूक टीकाही आहे. पाँटिंगला निसर्ग हवा होता आणि माणूस त्याच्या सोयीसाठी हवा होता.

परंतु एवढ्यावरच त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल. १९११ च्या जून अखेरीस विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे भर हिवाळ्यात, दिवसाचा उजेडच नाही अशा काळोखात, एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. पाच आठवड्यांनी, १ ऑगस्टला, तिघे तीन अंडी घेऊन परत आले. ते जेवायला बसले असताना पाँटिंगने त्यांचे छायाचित्र घेतले. हातात मग, पुढ्यात पाव, आणि डोळे मात्र अजून घरी पोहोचलेले नाहीत असे. येथे पाँटिंगने कोणाला उभे केले नाही, कोणाची मान वळवली नाही. माणसे इतकी थकलेली होती की कॅमेऱ्याची दखल घेण्याचे त्राणही त्यांच्यात उरले नव्हते. माझ्या मते पाँटिंगच्या साऱ्या कामात हे चित्र श्रेष्ठ. ज्या क्षणी कलावंताने रचना सोडली, त्या क्षणी त्याला माणूस सापडला.

आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाँटिंगजवळ चलच्चित्राचा कॅमेराही होता. ध्रुवाकडे निघण्यापूर्वी त्याने स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एडगर इव्हान्स यांना एका तंबूत बसवले आणि प्रवासात ते कसे स्वयंपाक करतील, मोजे कसे बदलतील, झोपण्याच्या पिशव्यांत कसे शिरतील हे चित्रित केले. हा सरळसरळ अभिनय होता. चौघे हसताहेत, एकमेकांना चिडवताहेत. १९२४ साली हे चित्रण त्याच्या मूकपटात लोकांपुढे आले तेव्हा ते चौघेही मरण पावून बारा वर्षे झाली होती. आज आपण ते पाहतो तेव्हा ते नाटक आहे हे ठाऊक असूनही घसा दाटून येतो. खोटे म्हणून घेतलेले चित्र पुढच्या घटनांनी खरे करून टाकले. छायाचित्राचा अर्थ ते घेतले जाते त्या क्षणी पुरा होत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

आता पुन्हा दोरीकडे.

पाँटिंग ध्रुवावर जाणार नव्हता. त्याची अवजड यंत्रसामग्री तेथे नेणे अशक्य होते. म्हणून १९११ च्या हिवाळ्यात त्याने स्कॉट, बॉवर्स, डेबनहॅम, राइट वगैरेंना छायाचित्रणाचे धडे दिले. यांतील बॉवर्स हा ब्रिटिश नौदलातून आलेला नव्हता. तो रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे आजच्या भारतीय नौदलाच्या पूर्वज दलाचा अधिकारी होता. १९०५ साली तो त्या दलात शिरला होता. मुंबईची गोदी हा या दलाचा मुख्य तळ. ओट्स हाही मोहिमेत आला तो महूच्या छावणीतील घोडदळातून; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून जे महू आपण ओळखतो, तेच हे. ध्रुवावरच्या पाच माणसांपैकी दोघांच्या अंगात आपल्या देशातील ऊन मुरलेले होते, ही गोष्ट मला ते चित्र पाहताना नेहमी आठवते.

ते ध्रुवावर पोहोचले तेव्हा नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन तेथे महिन्याभरापूर्वीच येऊन गेला होता. १४ डिसेंबर १९११ ला तो तेथे पोहोचला. त्याने एक लहान तंबू आणि त्यावर आपले निशाण मागे ठेवले. त्या नॉर्वेजियनांचेही एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. चार माणसे तंबूवरील निशाणाकडे पाहत उभी आहेत. पाचवा, ओलाव्ह ब्यालंड, दिसत नाही. कारण तो आपल्या साध्या कोडॅक कॅमेऱ्याने चित्र घेत होता. स्कॉटच्या तुकडीनेही त्याच तंबूपाशी एक चित्र घेतले, आणि त्यातही चारच माणसे आहेत; पाचवा कॅमेऱ्यामागे.

ही दोन चित्रे आणि दोरीचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे बॉवर्सच्या दोरीचे मोल कळते. विजेत्यांच्या चित्रात एक माणूस वगळला गेला आणि त्यांना त्याचे काही वाटले नाही. निशाण दिसले की काम झाले. उलट हरलेल्यांनी थंडीत वेळ काढून, बधिर बोटांनी दोरी बांधून, पाचही जण चौकटीत येतील असे केले. कोणी सेनापती, कोणी डॉक्टर, कोणी साधा नाविक. एकालाही बाहेर राहू द्यायचे नाही असा जणू त्या दोरीचा अर्थ. निशाणही चित्रात आहे, पण नजर निशाणाकडे जात नाही. पाँटिंगच्या गुहेत माणूस मापापुरता होता. येथे मापाला दुसरे काहीच नाही. माणूस हेच माप.

आणखीही एक गोष्ट आहे. प्रत्येक छायाचित्रात घेणारा आणि दिसणारा असे दोन पक्ष असतात, आणि घेणारा नेहमी सुरक्षित असतो. या चित्रात घेणाराच दिसणाराही आहे. कॅमेऱ्यामागची जागा रिकामी आहे. ती पुढे ज्याने ज्याने ते चित्र हाती घेतले त्याच्यासाठी सोडलेली आहे, असे मला वाटते. बॉवर्सच्या हातातून निघालेली ती दोरी सरळ आपल्यापर्यंत येते.

परतीच्या वाटेवर जे घडले ते अनेकांना ठाऊक असेल. १७ फेब्रुवारीला इव्हान्स गेला. महिन्याभराने, पाय निकामी झालेला ओट्स आपल्यामुळे इतरांना उशीर होऊ नये म्हणून वादळात तंबूबाहेर निघून गेला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स मार्चच्या अखेरीस, अन्नसाठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर, तंबूतच मरण पावले. मला येथे त्या शोकांतिकेपेक्षा त्यांच्या बर्फगाडीवर काय होते ते सांगायचे आहे.

८ फेब्रुवारी १९१२ ला, बियर्डमोर हिमनदी उतरत असता, त्यांनी एका कड्याशी थांबून दगड गोळा केले. त्या दगडांत झाडांच्या पानांचे ठसे होते. वजन सुमारे ३५ पौंड, म्हणजे १६ किलो. ज्यांना स्वतःचे शरीर ओढणे कठीण झाले होते त्यांनी ते दगड शेवटच्या तंबूपर्यंत ओढून नेले. नंतर १९१४ मध्ये केंब्रिजचे वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञ सेवर्ड यांनी त्यांतील पाने ओळखली. नाव ‘ग्लॉसोप्टेरिस इंडिका’. ‘इंडिका’, म्हणजे भारताची. कारण हेच पान भारतातील कोळशाच्या थरांबरोबरच्या खडकांत आधी सापडलेले होते. नागपूरजवळच्या अशाच खडकांतून स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जीवाश्म पानांचा मोठा संग्रह केला होता. आपल्या वणीच्या खाणींतील कोळसा त्याच गोंडवन काळातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते याचा एक ठळक पुरावा त्या तंबूतल्या दगडांत होता. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी दिलेले नावही आपल्या गोंडांच्या मुलखाचेच, गोंडवन. वणीच्या रस्त्यावर उडणारी काळी धूळ आणि ध्रुवाजवळचा तो दगड हे असे एका घरचे आहेत.

दगडांबरोबर त्या तंबूत आणखी एक वस्तू होती: न धुतलेली फिल्म.

सुमारे आठ महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १९१२ ला, शोधपथकाला तंबू सापडला. या पथकाबरोबर सात खेचरे निघाली होती. ती भारत सरकारने दिलेली, शिमल्याकडे तयार केलेली. त्यांची नावे लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. पथकाचा प्रमुख डॉ. ॲटकिन्सन याने संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातील, अंत्यविधीत वाचला जातो तो भाग वाचला. तंबूचे खांब काढून कापड मृतांवर पसरले, वर बर्फाची रास रचली आणि दोन स्कींचा क्रूस उभा केला. दगड, रोजनिश्या आणि फिल्म घेऊन पथक परतले. पाँटिंग एव्हाना मायदेशी गेला होता. त्याच्याच अंधारखोलीत, त्याच्याच शिष्याने, भूगर्भशास्त्रज्ञ फ्रँक डेबनहॅमने, ती फिल्म धुतली. रसायनाच्या ताटलीत प्रथम काळी-पांढरी आकृती उमटू लागली असेल आणि ओळखीचे चेहरे एकेक करून वर आले असतील, तेव्हा त्या तरुणाला काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. ती चित्रे आठ महिने गोठलेल्या अंधारात, आपल्या धन्यांच्या शेजारी, वाट पाहत होती.

दगडावरील पान आणि फिल्मवरील चेहरा, दोन्ही ठसेच. एक मातीने घेतलेला, एक प्रकाशाने. दोन्ही त्या माणसांनी टाकून दिले नाहीत. त्या १६ किलोंमुळे ते मेले असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो अगदीच फेटाळण्यासारखा नाही. मला एवढेच दिसते की जीव वाचवण्यासाठी काय टाकावे याचा विचार करण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी या दोन वस्तू जवळ ठेवल्या. छायाचित्राची योग्यता ठरवण्यास टीकाकाराकडे अनेक कसोट्या असतात: रचना, प्रकाश, भाव. ध्रुवीय छायाचित्रांनी माझ्यापुरती आणखी एक कसोटी दिली. हे चित्र कोणी, काय सोसून, इथवर वाहून आणले?

याच कसोटीवर फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचे काम पाहावे. शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ मोहिमेत तो होता. १९१५ मध्ये जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा अर्धवट बुडालेल्या जहाजाच्या पोटातील बर्फाळ पाण्यात उतरून त्याने प्लेटांचे डबे बाहेर काढले. पण सारे नेणे शक्य नव्हते. ९ नोव्हेंबरला तो आणि शॅकल्टन बर्फावर बसले, एकेक प्लेट उजेडात धरून पाहिली, सुमारे १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० जागच्या जागी फोडून टाकल्या. पुन्हा मोह होऊ नये म्हणून फोडल्या. मग जवळ उरला एक खिशातला कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे. ज्या प्लेटा ठेवल्या त्या होडीतून एलिफंट बेटावर गेल्या आणि ३० ऑगस्ट १९१६ ला माणसांबरोबर सुटल्या. रात्री प्रकाशझोतात भुतासारखे पांढरे दिसणारे ते बर्फात अडकलेले जहाज आज जगाला ठाऊक आहे ते या निवडीमुळे.

मात्र याच हर्लीने पुढे एक गोष्ट केली जी मला खटकते. मदत आणण्यासाठी लहान होडीतून निघालेल्या शॅकल्टनला एलिफंट बेटावरून सोबत्यांनी निरोप दिला, त्याचे चित्र त्याच्याजवळ होते. सुटकेचे तितके परिणामकारक चित्र नव्हते. तेव्हा त्याने निरोपाच्याच चित्रात फेरफार करून ते सुटकेचे म्हणून पुढे केले. त्याचे समर्थक म्हणतात की सुटका तर खरोखरच झाली होती. सारी २२ माणसे वाचली होती. हे खरे. तरी निरोप देणारे हात आणि स्वागताचे हात एकच नव्हेत. पहिल्या हातांना पुढे काय होणार हे माहीत नव्हते. ते न ठाऊक असणे हाच त्या चित्राचा प्राण होता, आणि हर्लीने तो काढून घेतला. पाँटिंगच्या तंबूतील नाटक नंतर खरे झाले. हर्लीचे खरे चित्र त्याच्याच हाताने नाटक झाले. ४०० प्लेटा फोडताना त्याने दाखवलेला संयम येथे सुटला, हे खेदाने म्हणावे लागते.

ज्यांना फेरफार करायला कोणी उरलेच नाही अशी चित्रेही आहेत. स्वीडनचा आंद्रे १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. नील्स स्ट्रिंडबर्ग या तरुण सोबत्याने त्या कोसळलेल्या फुग्याची, बर्फावरील वाटचालीची चित्रे घेतली. तिघेही क्विटोया बेटावर मरण पावले. १९३० साली, ३३ वर्षांनी, त्यांचा शेवटचा तळ सापडला आणि त्याबरोबर फिल्मही. स्टॉकहोममध्ये ती जपून धुतली गेली आणि ९३ चित्रे हाती लागली. ती डागाळलेली आहेत, कडांना ओल लागलेली आहे. एका चित्रात आडव्या पडलेल्या फुग्यापुढे दोन माणसे नुसती उभी आहेत. या डागांना दोष म्हणावे असे मला वाटत नाही. ३३ हिवाळ्यांनी केलेल्या त्या सह्या आहेत.

आणि शेवटी, ज्याचे नावही निश्चित नाही असा छायाचित्रकार. २०१३ मध्ये केप इव्हान्सच्या त्याच झोपडीत, पाँटिंगच्या त्याच अंधारखोलीत, जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्यांना एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या २२ निगेटिव्ह सापडल्या. त्या सुट्या करून धुतल्या तेव्हा कळले की त्या शॅकल्टनसाठी दुसऱ्या बाजूने अन्नसाठे मांडायला गेलेल्या तुकडीच्या, म्हणजे १९१४ ते १९१७ च्या काळातल्या आहेत. या तुकडीत छायाचित्रणाचे काम आर्नल्ड स्पेन्सर-स्मिथ या अँग्लिकन धर्मगुरूकडे होते. इतरांसाठी साठे वाहून नेता नेता स्कर्व्हीने खचून तो मार्च १९१६ मध्ये बर्फावर मरण पावला. ही चित्रे त्याचीच असे मात्र कोणी खात्रीने म्हणू शकत नाही. बॉवर्सची दोरी हाताशी बांधलेली होती. येथे दोरी आहे, हात हरवला आहे.

या चित्रांकडे भाबड्या भक्तीने पाहावे असे मी सुचवीत नाही. त्या काळातील साम्राज्यांची घमेंड त्यांत आहे, निशाणे आहेत, आणि ज्यांच्या कष्टांवर मोहिमा चालल्या ते सगळेच चौकटीत आलेले नाहीत. आयर्लंडमधील कॅथलिक शेतकरी कुटुंबातला टॉम क्रीन याला ध्रुव १५० मैलांवर राहिला असता स्कॉटने मागे पाठवले. परतताना सोबत्याचा जीव वाचवण्यासाठी तो एकटा ३५ मैल चालला, पण ध्रुवावरच्या त्या चित्रात तो नाही. सात खेचरांपैकी एकही नाही. बॉवर्सची दोरी पाचांना पुरली, सर्वांना पुरली नाही. पण आपण पुढे काय करावे हे ती दाखवून गेली.

आपल्या प्रत्येक घरात पेटीच्या तळाशी एक पाकीट असते. आजीचे लग्न, एखाद्या खेड्यातील जुन्या चॅपेलपुढे उभी असलेली मंडळी, प्रथम कम्युनियनच्या पांढऱ्या कपड्यांतील मुले, मध्ये कोणी फादर, कडेला कोणी सिस्टर. मागे काही लिहिलेले नसते. म्हाताऱ्या माणसाला विचारले तर तो एक बोट ठेवून नाव सांगतो, दुसऱ्यावर ठेवून थबकतो. तो गेला की ती नावेही गेली. घर बदलताना, रंग देताना ओझे नको म्हणून पाकीट रद्दीत जाते. माझ्याच घरून असे एक गेले, आणि ते देणारा मीच होतो. त्यात माझ्या आजोबांचे एकमेव चित्र होते हे मला नंतर कळले.

त्या दुपारी ध्रुवावरच्या त्या पानाशी हात थांबला तो बहुधा यामुळेच. मरणाच्या दारात दगड आणि फिल्म ओढून नेणारी माणसे एका बाजूला, आणि कपाटातील दोन इंच जागेसाठी आजोबा रद्दीत देणारा मी दुसऱ्या बाजूला. मी आता उरलेल्या चित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहू लागलो आहे. ज्यांची नावे कळत नाहीत त्यांच्यापुढे जागा रिकामी ठेवतो. रविवारी मिस्सेनंतर दोन-चार वृद्धांना ती दाखवतो. मागच्या महिन्यात एका बाईंनी एका चेहऱ्यावर बोट ठेवले आणि न अडखळता नाव सांगितले. एक जागा भरली.